पाहुण्यांचा स्टँड: परक्या मैदानात तुमच्याशी कसं वागतात?

उत्तरेचा_वारा

शेफील्डला येऊन मला सहा वर्षं झाली. पुण्यात असताना फुटबॉलचं वेड टीव्हीपुरतं होतं, इथे ऑफिसातल्या शेजाऱ्यानं मैदानात ओढून नेलं. गडी तीन पिढ्यांचा शेफील्ड युनायटेडवाला. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या पोराला ताप आला आणि पोराचं तिकीट माझ्या पदरात पडलं. न्यूकॅसल, सेंट जेम्स पार्क. माझा पहिला अवे, म्हणजे परक्या मैदानातला सामना.

तिथे पाहुण्यांची जागा सातव्या लेव्हलवर, म्हणजे जवळजवळ कौलांवर. चौदा जिने. मोजावे लागत नाहीत, प्रत्येक वळणावर कुणीतरी धापा टाकत आकडा ओरडत असतं. पर्वती चढलेला माणूस मी, तरी दहाव्या जिन्याला कठडा धरला. वर पोचलो तर खाली मैदान म्हणजे कॅरम बोर्ड, आणि त्यावर सोंगट्या धावतायत. पहिला गोल आमचा झाला, पाचव्याच मिनिटाला. (हा 'आमचा' नक्की कधी झाला ते मलाही कळलं नाही.) मग त्यांनी पाच घातले. ५-१. त्याच दिवशी शेफील्ड युनायटेड प्रीमियर लीगमधून खाली गेली. आणि आमच्या कौलांवरची मंडळी शेवटची दहा मिनिटं गात होती. बुडालेल्या माणसांना इतकं मोठ्यानं गाताना मी पहिल्यांदा पाहिलं.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "काय रे, पाहुण्याला कौलावर बसवतात!" शेजारी म्हणाला, "बसवतात तरी."

ते 'तरी' डोक्यात राहिलं. प्रीमियर लीगचा नियम आहे: यजमानानं पाहुण्यांसाठी ३००० जागा ठेवायच्या, मैदान लहान असेल तर एकूण जागांच्या १० टक्के. २०१६-१७ पासून त्या तिकिटाला ३० पौंडांच्या वर पैसे लावता येत नाहीत. हे क्लबांच्या मोठ्या मनानं झालेलं नाही. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलनं मँचेस्टर सिटीच्या लोकांना ६२ पौंड लावले तेव्हा सिटीकडून ९१२ तिकिटं परत गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर तर घरचेच लोक ७७ पौंडांच्या तिकिटाचा निषेध म्हणून ७७ व्या मिनिटाला उठून चालते झाले. पुढच्याच महिन्यात ३० ची मर्यादा जाहीर झाली.

आणि त्याच्याही मागे जायचं तर माझ्याच गावात यावं लागतं. हिल्सबरो मैदानाची लेपिंग्ज लेनची बाजू ही एरवी पाहुण्यांची बाजू. १५ एप्रिल १९८९ ला एफए कपची उपांत्य फेरी इथे होती आणि त्या बाजूला लिव्हरपूलचे लोक होते. प्रेक्षकांना जाळीच्या कोंडवाड्यात उभं करायची तेव्हा पद्धत. चेंगराचेंगरीत गेलेल्यांचा आकडा आज ९७ आहे. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला, आणि तो त्यांचा नव्हता हे ज्युरीच्या तोंडून यायला २०१६ उजाडलं. पाहुणा म्हणजे गुंड, हे आधी ठरवलं की जाळी, कोंडवाडा आणि नंतरचा खोटारडेपणा सगळं आपोआप येतं.

तुमचे अनुभव लिहा. इंग्लंडचं पुराण मी एकटाच लावत बसणार नाही.

चष्मेबद्दूर

चौदा जिने! वाचतानाच गुडघे बोलले. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासुर

लेख चांगला, पण एक शंका. दोन गटांना वेगळे दरवाजे, वेगळे जिने, मध्ये पोलीस, इतका बंदोबस्त ज्या खेळाला लागतो त्या खेळाच्या प्रेक्षकांतच खोट नाही का? वानखेडेवर चेन्नईचे पिवळे आणि मुंबईचे निळे एकाच रांगेत वडापाव खातात. कुणी कुणाला सातव्या मजल्यावर पाठवत नाही. वेगळं बसवलं की माणूस वेगळा वागतो, असं माझं मत. आणि मूठभर दंगेखोरांसाठी सगळा खर्च करण्यापेक्षा पाहुण्यांना बोलवूच नये. टीव्ही आहे की.

उत्तरेचा_वारा

@शंकासुर, हा प्रयोग झालाय. लूटन टाउन. मार्च १९८५ मध्ये मिलवॉलविरुद्धच्या कप सामन्यात त्यांच्या मैदानावर मोठी दंगल झाली. त्यानंतर १९८६ पासून चार मोसम लूटननं पाहुण्यांना साफ बंदी केली. सभासद-कार्ड असेल तरच आत. लीग कपवाल्यांनी सांगितलं की आमच्या स्पर्धेत हे चालणार नाही, आणि १९८६-८७ ला लूटनला स्पर्धेतून काढलं. शेवटी १९९० मध्ये बंदी उठली.

त्याच केनिलवर्थ रोडवर पाहुण्यांचं दार कुठे आहे माहीत आहे? चाळीसारख्या जोडून असलेल्या घरांच्या ओळीत. दोन घरांच्या मधून आत शिरायचं आणि लोकांच्या परसांवरून गेलेल्या जिन्यानं स्टँडमध्ये. कुणाचे कपडे वाळत घातलेले, कुणाची सायकल पडलेली. २०२३-२४ ला प्रीमियर लीगचे बडे क्लब तिथे आले तेव्हा त्यांच्या लोकांनी सामन्याआधी त्या दाराचे फोटो काढले.

आयपीएलबद्दल: चेन्नईहून वानखेडेवर येणारे किती आणि दादर-माटुंग्याचेच पिवळे किती? पाहुणा यायला आधी तो बाहेरगावचा असावा लागतो.

डच_मावशी

मी रॉटरडॅमला असते. नवरा फेयेनोर्डचा, मुलगी फेयेनोर्डची, मी हळूहळू झाले. @शंकासुर, तुमची इच्छा इथे कधीच पूर्ण झाली आहे. ॲमस्टरडॅमचा आयाक्स आणि आमचा फेयेनोर्ड यांच्या सामन्याला २००९ पासून पाहुणे प्रेक्षक नाहीत. ॲमस्टरडॅम इथून ट्रेननं तासाभरापेक्षा कमी, पण त्या दिवशी ते चंद्रावर.

बाकीच्या जोखमीच्या सामन्यांना 'कॉम्बी' नावाचा प्रकार असतो. नुसतं तिकीट मिळत नाही, प्रवासासकट मिळतं. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या बसमध्ये बसायचं, बस थेट पाहुण्यांच्या आवारात उभी राहणार, सामना संपला की परत त्याच बसमध्ये. तुमची आत्या मैदानासमोर राहत असली तरी आधी आपल्या गावी यायचं, बसमध्ये चढायचं आणि आत्याच्या खिडकीसमोरून आत जायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेची सहल आठवली, फक्त बाईंच्या जागी पोलीस.

आणि एक गोष्ट पुरुष मंडळी कधी लिहिणार नाहीत म्हणून मी लिहिते. पाहुण्यांच्या स्टँडमधलं बायकांचं स्वच्छतागृह. एका गावी (नाव नको) हजारभर लोकांत बायकांसाठी दोन संडास, त्यातल्या एकाला कडी नाही. मुलीनं दार धरलं, मग मी धरलं, मग मागच्या दोन अनोळखी बायांसाठी आम्ही दोघींनी धरलं. घरच्यांच्या बाजूला सगळं चकाचक असतं. पाहुणा दोन तासांसाठी येतो, तक्रार करायला परत कोण येणार?

चांगलंही सांगते, नाहीतर म्हणाल मावशी रडतच बसली. एप्रिल २०१७ मध्ये डॉर्टमुंडच्या टीमबसवर बॉम्बहल्ला झाला, मोनॅकोविरुद्धचा सामना दुसऱ्या दिवसावर गेला. मोनॅकोहून आलेल्यांची राहायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी मैदानात त्यांनी "डॉर्टमुंड, डॉर्टमुंड" असा घोष केला आणि डॉर्टमुंडच्या लोकांनी इंटरनेटवर हाका घालून त्यांना घरी नेलं. सोफ्यावर, गाद्यांवर, जमेल तिथे झोपवलं. माझी मैत्रीण तिथे असते. ती म्हणते त्यानंतर कितीतरी दिवस ऑफिसात एकच प्रश्न, तुझ्याकडे कुणी आलं होतं का.

सलामीवीर

अर्जेंटिना राहिलं. जून २०१३ मध्ये ला प्लाताला एस्तुदियांतेसविरुद्ध सामना होता. लानुसचा एक पाठीराखा पोलिसांची रबरी गोळी अगदी जवळून लागून मेला. त्यावर उपाय काय निघाला? पाहुण्या प्रेक्षकांवर देशभर बंदी. मेला पाहुणा, बंदी पाहुण्यांवरच. निवडक सामन्यांना दार किलकिलं व्हायला २०२५ आलं. मधल्या काळात हौशी लोक 'तटस्थ' म्हणून तिकीट काढायचे आणि गोल झाला की तोंड आवळून बसायचे.

कळस म्हणजे २०१८. दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या स्पर्धेची, कोपा लिबेर्तादोरेसची अंतिम फेरी, बोका विरुद्ध रिव्हर. दोघंही ब्वेनोस आयरेसचे. दोन्ही लढती पाहुण्यांविना ठरल्या. दुसरीच्या आधी बोकाच्या बसवर दगडफेक झाली, सामना पुढे गेला आणि शेवटी ९ डिसेंबरला माद्रिदला खेळवला. तिथे दोन्ही बाजूंच्या लोकांना जागा मिळाल्या! ज्यांना आपल्या शहरात एका मैदानात बसता येत नाही त्यांनी अटलांटिक ओलांडून बसायचं. रिव्हर ३-१ जिंकले.

शंकासुर

बंदीचं मागे घेतो. वेगळं बसवण्याचं नाही.

पंचगंगेचा_वाघ

काय राव, फुटबॉलचा धागा आणि अजून कोल्हापूर न्हाई?

आमच्याकडं भानगडच वेगळी. मैदान एकच, शाहू स्टेडियम. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस, फुलेवाडी, शिवाजी तरुण मंडळ, सगळे तिथंच खेळणार. म्हंजे सगळेच यजमान आणि सगळेच पाहुणे. कोण कुठं बसणार ते तिकिटावर लिहिलेलं नसतंय, पण पेठेतल्या शेंबड्या पोराला पण म्हाईत असतंय. चुकून दुसऱ्यांच्यात बसलासा तर कोण मारत न्हाई, नुसतं बघत्यात. ते बघणं मारापेक्षा वाईट.

आता खरं सांगायचं तर मारामाऱ्या बी होत्यात. मी कॉलेजात असताना एकदा सामना सुटल्यावर आमच्या मागं लागले होते, तालमीचं नाव सांगणार न्हाई कारण त्याच तालमीतली मुलगी आता आमच्या घरात सून हाय. (माझी बायको.) लग्नात सासऱ्यानं पहिला प्रश्न इचारला, "पाव्हणं, शाहूला कुठल्या बाजूला बसता?" मी म्हटलं, मधी. तवापासून खरंच मधी बसतोय. पोरगं मात्र आज्याच्या बाजूला जाऊन बसतंय, काय करणार.

@शंकासुर, मिसळून बसवा म्हणता, या एकदा. मिसळ आम्ही देतो.

चष्मेबद्दूर

"पाव्हणं, कुठल्या बाजूला बसता" 😂 दंडवत.

खेळकर_आजोबा

मी बँकेतून निवृत्त. १९७९ ते १९८४ कलकत्त्याला बदली होती, म्हणून चार ओळी लिहितो.

१६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. आमच्या शाखेतले निम्मे लोक गेले होते. मलाही बोलावलं होतं, पण घरी सामान यायचं होतं म्हणून राहिलो. बिदेश बोस आणि दिलीप पालित यांच्यात मैदानात झोंबाझोंबी झाली, दोघांना बाहेर काढलं, आणि ती आग वर स्टँडमध्ये गेली. दगड, विटा, मग पळापळ. सोळा जण गेले. पुष्कळसे तरुण पोरं. सोमवारी शाखेत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आमचा हेडक्लार्क कट्टर ईस्ट बंगालचा, कॅशियर मोहन बागानचा. एरवी सामन्यानंतर एक जण हिल्सा आणायचा नाहीतर दुसरा कोळंबी, हरणाऱ्याला चिडवायला. त्या आठवड्यात डबे नुसते उघडले आणि मिटले.

१६ ऑगस्टला तिथे अजूनही फुटबॉलप्रेमी दिवस पाळतात, रक्तदान करतात. सॉल्ट लेकचं मैदान आलं तेव्हा मी परत आलो होतो, पण नंतर मुलीकडे गेलो असता एक डर्बी, म्हणजे याच दोघांचा सामना, पाहिली. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या वेगळ्या, दरवाजे वेगळे. पूर्वी मलाही शंकासुरांसारखंच वाटायचं की माणसांना असं वाटून ठेवू नये. आता वाटत नाही.

एक मात्र खरं. ऑगस्ट २०२४ मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या त्या डॉक्टर मुलीच्या प्रकरणावरून शहर पेटलं होतं आणि १८ तारखेची डर्बी रद्द केली. तेव्हा दोन्हीकडचे पाठीराखे सॉल्ट लेकच्या बाहेर एकत्र जमले, तिथल्या तिसऱ्या क्लबाचे, मोहम्मेडनचेही. खांद्यावर एकमेकांना घेतलेले. मुलीनं व्हिडिओ पाठवला होता. मी हेडक्लार्कच्या मुलाला फोन केला, हेडक्लार्क आता नाहीत.

उत्तरेचा_वारा

आजोबा, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. इथे लिहिल्याबद्दल आभार.

अंधेरी_स्लो

मी मुंबई सिटीचा. अंधेरीच्या मैदानात २०१६ पासून. भारतात अवे जाणं म्हणजे काय ते सांगतो, कारण इथे ३००० जागा वगैरे काही नाही. कधी क्लब एखादा कोपरा देतो, कधी देत नाही. एका शहरात (नाव घेत नाही, पुन्हा जायचंय) आम्हा चाळीस जणांना उन्हाच्या बाजूला बसवलं. पाण्याच्या बाटल्या दारात काढून घेतल्या आणि आत पाणी नव्हतं. ढोल आत नेऊ देईनात. पॉवर बँक जमा, पट्टे जमा. हरलो असतो तर चाललं असतं, पण बरोबरी झाली आणि घसा कोरडा.

याच्या उलट गोव्यातलं फातोर्डा मैदान. २४ एप्रिल २०२४, म्हणजे वाऱ्याच्या न्यूकॅसलच्या तीनच दिवस आधी. आयएसएलची (इंडियन सुपर लीग) उपांत्य फेरी. माझा मावसभाऊ मडगावचा, त्यानं तिकीट काढलं ते एफसी गोवाच्या लोकांत. अट एकच, निळा शर्ट घालायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. नव्वद मिनिटं सोपं गेलं, कारण गोवा २-० पुढे. भाऊ दर पाच मिनिटांनी माझ्याकडे बघून दात काढायचा. मग नव्वदाव्या मिनिटापासून भरपाईच्या वेळेपर्यंत आमचे तीन गोल. तीन! सहा-सात मिनिटांत. २-३. मी काय केलं असेल? दुसऱ्या गोलला खाली वाकून बुटाची लेस बांधली. चपला घातल्या होत्या.

फातोर्डा_पूर्व

हा चपलावाला माझाच मावसभाऊ. पुढचं त्यानं लिहिलं नाही ते मी लिहितो. तिसऱ्या गोलला त्याच्या तोंडून जे काय बाहेर पडलं ते दहा रांगांना ऐकू गेलं. सगळे वळले. पुढे एक म्हातारे पात्रांव बसले होते, त्यांनी याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कोंकणीत मला म्हणाले, याला घरी घेऊन जा आणि जेवायला घाल, नाहीतर मी घालतो. बस्स. हसले लोक. रडवेले होते, तरी हसले.

घरी आईनं याला किंगफिश वाढला आणि मला वरण-भात. म्हणे, पाहुण्याला आधी.

अंधेरी_स्लो

मावशीचा न्याय. पुढे ४ मेला सॉल्ट लेकवर अंतिम सामना आम्ही ३-१ जिंकलो, पण तो मी टीव्हीवर पाहिला. मोहन बागानच्या साठ हजार लोकांत चपलांना लेस बांधायची हिंमत नव्हती.

प्राची_ठाणे

सगळा धागा वाचून काढला. माझा प्रश्न छोटा आहे. मे महिन्यात लंडनला जातोय. मुलगा आठवीत, लिव्हरपूलचा वेडा. लंडनच्या एका क्लबाच्या मैदानावर लिव्हरपूलचा सामना आहे, आम्हाला यजमानांच्या बाजूची दोन तिकिटं मिळाली आहेत. तो लाल शर्ट घालून जाणार म्हणतोय. लहान मुलाला कोण काय बोलणार, असं नवऱ्याचं म्हणणं. चालेल ना?

उत्तरेचा_वारा

प्राचीताई, नाही चालणार. पाहुण्यांच्या स्टँडची तिकिटं क्लबच्या जुन्या सभासदांना, आधी किती अवे सामने केले त्या हिशोबानं मिळतात, पर्यटकांच्या हाती सहसा लागत नाहीत. त्यामुळे तुमच्यासारखे पुष्कळ जण यजमानांच्या बाजूला बसतात आणि क्लबांना ते माहीत असतं. पण तिकिटाच्या अटींत सरळ लिहिलेलं असतं की यजमानांच्या भागात पाहुण्यांचे रंग दिसले तर बाहेर काढू. स्टुअर्ड, म्हणजे मैदानातला बंदोबस्तवाला, वय बघत नाही, आणि बघितलं तरी मागच्या रांगेतला बघेलच असं नाही. शर्ट आत, वर जॅकेट, चेन गळ्यापर्यंत. स्कार्फ हॉटेलवर. गोल झाला तर हात मांडीखाली. मुलाला घरीच सराव करून घ्या, चेष्टा नाही.

बिअर प्यायची असेल तर खालच्या मजल्यावर प्या. १९८५ च्या कायद्यानं मैदान दिसेल अशा जागी दारू चालत नाही. हे नवऱ्यासाठी.

पंचगंगेचा_वाघ

ताई, पोराला सांगा मधी बसायला शिक. उपयोगी पडतंय पुढं.

प्राची_ठाणे

परत आलो, म्हणून कळवते. सराव घेतला होता, टीव्हीसमोर, हात मांडीखाली. मैदानात लिव्हरपूलचा गोल झाला तेव्हा पोरगं दगडासारखं बसलं, फक्त कान लाल झाले. मी त्याच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर हसले असते.

शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ होते, गळ्यात यजमानांचा स्कार्फ. मध्यंतरात त्यांनी पिशवीतून चॉकलेट काढलं, मोडून अर्धं पोराला दिलं, विचारलं पहिलाच सामना का. तो हो म्हणाला. मग ते जरा वाकले आणि स्वतःच्या गळ्याकडे बोट करून हळूच म्हणाले, चेन वर घे, कॉलर दिसतेय.